वळलेली गाडी आमची नव्हती

कॅलिफोर्नियात अपघात झाला की आलेला पोलीस अधिकारी जागेवर जबाब घेतो, रस्त्याचा नकाशा काढतो आणि रिपोर्ट नंतर लिहितो. आपल्याकडच्या पंचनाम्यासारखे त्यावर पंच नसतात, लिहिलेलं वाचून दाखवून आपली सहीही कुणी घेत नाही. आमच्या अपघाताचा रिपोर्ट हातात पडला तोवर विमा कंपनीने तो वाचलेला होता, आणि दावा हाताळणारा त्यांचा अ‍ॅडजस्टर आता ‘तुमची चूक किती’ या भाषेत बोलू लागला होता.

आम्ही हिरव्या सिग्नलवर सरळ चाललो होतो. समोरून आलेली गाडी एकदम डावीकडे वळली आणि आमच्या पुढच्या डाव्या बाजूवर आदळली. इथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, त्यामुळे डावीकडे वळताना समोरून येणाऱ्या गाड्यांची वाट ओलांडावी लागते आणि आधी त्यांना जाऊ देणं ही वळणाऱ्याची जबाबदारी असते. फॉर्मवर दोघांना ‘पार्टी १’ आणि ‘पार्टी २’ असे नंबर दिलेले असतात. आमच्या रिपोर्टच्या एका परिच्छेदात हे नंबर उलटेपालटे झाले होते. त्यामुळे वळणारे आम्ही ठरलो होतो.

गंमत नाही ही. कॅलिफोर्नियात दोष टक्क्यांनी वाटला जातो. तुमच्यावर तीस टक्के दोष आला तर भरपाई तेवढी कमी होते. वाहन कायद्याच्या कलम २००१३ नुसार असा रिपोर्ट खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे खरं. पण बहुतेक अपघात कोर्टापर्यंत जातच नाहीत. ते अ‍ॅडजस्टरच्या टेबलावर मिटतात, आणि तिथे याच कागदाला वजन असतं.

नवऱ्याला थेट पोलीस ठाण्यात जाऊन बोलायचं होतं. मी आधी मेल लिहू म्हटलं, कारण चार माणसांत रागाने बोललेलं फाइलमध्ये राहत नाही. मेल छोटा ठेवला: रिपोर्ट नंबर, कुठलं पान, कुठली ओळ, तिथे काय लिहिलंय, काय हवं आणि का. खरं तर पुरावा रिपोर्टमध्येच होता. अधिकाऱ्याने स्वतः काढलेल्या नकाशात बाण बरोबर होते. शिवाय आम्ही वळत असतो तर समोरच्या गाडीचा मार आमच्या उजव्या बाजूला बसला असता. फोटोत चेपलेली बाजू डावी दिसत होती. अधिकाऱ्याने पुरवणी रिपोर्ट लिहून दिला. मूळ मजकूर खोडला जात नाही, पुरवणी त्याला जोडली जाते. तिची प्रत आम्ही स्वतः विमा कंपनीला पाठवली. ती आपोआप पोहोचेल या भरवशावर कुणी राहू नये.

दुसरी मागणी मात्र मान्य झाली नाही. समोरच्या चालकाने आम्ही फार वेगात होतो असं सांगितलं होतं, ते वाक्य काढा असं मी लिहिलं होतं. उत्तर आलं की तो त्याचा जबाब आहे, तो तसाच राहणार. मला खूप राग आला. शांत झाल्यावर पटलं: माझ्या सांगण्यावरून त्याचा जबाब पुसला गेला, तर उद्या त्याच्या सांगण्यावरून माझाही पुसला जाईल. गाडीचा नंबर, दिशा, नावाचं स्पेलिंग, विमा पॉलिसीचा नंबर या गोष्टी कागद दाखवून दुरुस्त होतात. कुणी काय सांगितलं आणि अधिकाऱ्याचं मत काय झालं, हे सहसा बदलत नाही. फार तर आपलं लेखी म्हणणं सोबत जोडायची विनंती करता येते.

सर्वात जास्त काळजी सासूबाईंची होती. त्या भारतातून आल्या होत्या आणि मागच्या सीटवर होत्या. अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा त्यांनी ठीक आहे म्हणून सांगितलं. एवढ्या धक्क्यानंतर, अनोळखी देशात, गणवेशातल्या माणसासमोर दुसरं काय सांगणार? दुसऱ्या दिवशी मान हलेना. फॉर्मवर दुखापतीच्या प्रकारांत ‘संभाव्य दुखापत’ असाही एक प्रकार आहे, पण त्यांच्यापुढे काहीच नोंद नव्हती. तेही बदललं नाही, कारण त्या क्षणी त्या तेच बोलल्या होत्या. म्हणून त्यांना लगेच डॉक्टरांकडे नेलं आणि अपघाताची तारीख व वेळ त्यांच्या कागदांत लिहून घेतली. आमच्या पॉलिसीत ‘मेडिकल पेमेंट्स’ होतं; दोष कुणाचाही असो, गाडीत बसलेल्यांच्या उपचारांचा खर्च त्यातून ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळतो. पाहुणे येण्याआधी आपल्या पॉलिसीत ते आहे का, एवढं जरूर पाहा.

आणखी एक: कुणालाही दुखापत झाली असेल किंवा नुकसान एक हजार डॉलरच्या वर असेल, तर अपघाताची माहिती देणारा ‘एसआर-१’ हा फॉर्म दहा दिवसांच्या आत डीएमव्हीकडे, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याकडे, द्यावा लागतो. पोलिसांनी रिपोर्ट केला म्हणून तो चुकत नाही.

पुरवणी गेल्यावर गाडीच्या दुरुस्तीचा प्रश्न सुटला. सासूबाईंच्या मानेचा दावा अजून चालू आहे. दुखापतीसाठी इथे कोर्टात दावा दाखल करायला सर्वसाधारणपणे दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे फिजिओथेरपी पुरती संपल्याशिवाय आम्ही कुठल्याही तडजोडीवर सही करणार नाही.