डोंबिवलीहून फोर्टला पोचेपर्यंत टिकणारे कपडे

मुलाखतीला काय घालावे हे सांगणारे बहुतेक जण आरशासमोर उभ्या असलेल्या उमेदवाराचा विचार करतात. मुलाखत घेणाऱ्यांसमोर येतो तो उमेदवार मात्र सव्वा तास लोकलमध्ये चेंगरून, पूल चढून-उतरून आणि वर दहा मिनिटे भरभर चालून आलेला असतो.

माझी पहिली मुलाखत ऐन जुलैत, फोर्टातल्या एका कार्यालयात होती. आईने फिकट निळ्या सुती शर्टाला खळ केली होती आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने त्याची घडी अशी बसवली होती की तो अंगात घालताना करकरला. डोंबिवलीला गाडीत शिरेपर्यंत सारे ठीक होते. घाटकोपर येईस्तोवर खळ घामाने विरघळून कॉलर चिकट झाली, पाठीवर गडद निळा डाग पसरला, आणि स्थानकाबाहेर पडताच पावसाने पँट पोटरीपर्यंत भिजवली. खुर्चीला पाठ घट्ट टेकवून बसलो की डाग दिसणार नाही, असा माझा हिशेब होता. तेवढ्यात एका गृहस्थांनी फळ्यावर आकडेमोड करून दाखवायला सांगितले. नोकरी गेली ती कच्च्या उत्तरांमुळे, शर्टामुळे नव्हे, हे मला आजही मान्य आहे. पण तो पाऊण तास माझे निम्मे लक्ष पाठीकडे होते, हेही खरे.

पुढे अनेक वर्षे टेबलाच्या पलीकडे बसण्याचा योग आला, तेव्हा लक्षात आले की उमेदवाराच्या कपड्यांची किंमत कोणाच्याही डोळ्यांत भरत नाही. डोळ्यांत भरते ती त्या कपड्यांमुळे होणारी त्याची चुळबुळ. मित्राचे जाकीट मागून आणलेला मुलगा सतत बाह्या ओढत राहतो, आणि गळ्याला आवळणाऱ्या कॉलरमुळे दुसरा दर वाक्यानंतर मान हलवतो. वरचे बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटे सहज गेली पाहिजेत, आणि नवा सुती शर्ट आटतो म्हणून तो एकदा धुऊन मगच हे पाहावे.

रंगाबाबत माझा अनुभव असा की घामाचे डाग पांढऱ्यावर आणि गडद निळ्यावर कमी दिसतात, फिकट निळ्यावर आणि राखाडीवर सर्वांत जास्त. निव्वळ सुती कापड अंगाला सुखाचे असले तरी गर्दीत चुरगळते, निव्वळ पॉलिस्टर चुरगळत नाही पण त्यात घामाचा वास राहतो. म्हणून प्रवास लांबचा असेल तर हिणवले गेलेले जुने टेरिकॉट, म्हणजे सूत आणि पॉलिस्टरचे मिश्र कापडच, मला शहाणपणाचे वाटते. आत बनियन हवेच. टायविषयी मात्र माझे मत ठाम आहे: समोरच्यांनी स्वतः लावलेला नसेल, तर मुंबईच्या दमट हवेत तो उमेदवाराच्या गळ्यात अडकवण्याला काही अर्थ नाही.

स्त्रियांची अडचण याहून मोठी आहे. खळीची सुती साडी लेडीज डब्यातून उतरताना निऱ्यांसकट विस्कटते, आणि ती सावरायला स्वच्छ जागा वाटेत क्वचितच मिळते. माझी एक सहकारी पावसाळ्यात सलवार-कमीज घालून निघत असे, ओढणी पिशवीत घडी करून ठेवत असे आणि कार्यालयाच्या दारात ती खांद्यावर पिनेने बसवत असे. साडीच नेसायची तर खळ नसलेली, रेशीम-सुती मिश्र धाग्याची बरी, असे तिचे म्हणणे होते.

केस चार-पाच दिवस आधी कापलेले बरे, कारण ताजी कात्री कानामागे दिसते. अत्तर जपून लावावे, कारण वातानुकूलित बंद खोलीत ते फार होते.

बुटांचे मात्र ऐनवेळी काही करता येत नाही. कपाटातल्या चामड्यावर पावसाळ्यात बुरशी चढते, ती आदल्या रात्री दिसली तर धावपळ होते. आणि भिजलेले बूट शेगडीजवळ ठेवले तर चामडे कडक होऊन तडकते, त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते सावलीतच वाळवावे लागतात. मी नंतर रबरी चप्पल घालून निघू लागलो आणि बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊ लागलो. सीएसटीला उतरल्यावर फलाटावर पेटीवर ब्रश आपटणाऱ्या पॉलिशवाल्यासमोर ते ठेवायचे, पाय कोरड्या रुमालाने पुसायचे, मोजे चढवायचे आणि तो दुसऱ्या बुटावर हात फिरवत असताना पंख्याखाली उभे राहून पाठ वाळू द्यायची.