उपवासकाळातली ऑनलाइन उपासना: आधी मौनाची सोय करा

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवशी दोन शास्त्रपाठ एकाच उपासनेत वाचले जातात आणि दोघांची तोंडं दोन दिशांना असतात. संदेष्टा योएल म्हणतो, लोकांना जमवा, वडीलधाऱ्यांना बोलवा, अंगावर पिणाऱ्या लेकरांनाही आणा. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो, आपल्या खोलीत जा आणि दार लावून पित्याची प्रार्थना कर. ऑनलाइन जमलेली मंडळी या दोन्ही आज्ञा एका वेळी पाळत असते. दार लावलेलं असतं आणि मंडळीही जमलेली असते. म्हणून उपवासकाळ आणि ऑनलाइन उपासना यांचं मुळातच वैर आहे, असं आम्ही मानत नाही. तयारी मात्र वेगळी लागते, आणि तिथेच बहुतेक ठिकाणी गाडी अडते.

नाताळची उपासना नुसता मोबाइल वेदीसमोर उभा करून दाखवली तरी निभावून जाते, कारण गाणी आणि सजावट सगळं सांभाळून घेतात. उपवासकाळात अनेक मंडळ्यांत ‘हालेलुया’ आणि गौरवगीत बाजूला ठेवतात, फुलं काढतात, वाद्यं कमी करतात. उरतं ते पापांगीकार, स्तोत्र आणि मौन. यातलं मौन ही ऑनलाइन माध्यमाला सर्वांत जड जाणारी गोष्ट आहे.

पाळक म्हणतात, ‘आपण शांतपणे आपली पापं देवासमोर मांडू या.’ दहा सेकंद जातात आणि कुणीतरी चॅटमध्ये लिहितं, ‘आवाज येत नाहीये.’ त्यात त्या माणसाची चूक नसते. मंदिरातल्या शांततेला आवाज असतो: बाकाची करकर, कुणाचा खोकला, पंख्याची घरघर. मीटिंगच्या ॲपमधली आवाजगाळणी हे सगळं गोंगाट समजून पुसून टाकते आणि श्रोत्याच्या कानात पोकळी पोचते. नेट गेल्यावरही नेमकं तसंच वाटतं.

उपाय साधे आहेत, पण चारही एकत्र करावे लागतात. मौनाआधी वेळ सांगा: ‘आता दोन मिनिटं मौन.’ तेच पडद्यावर मोठ्या अक्षरांत ठेवा. पाळकांच्या माइकवरची आवाजगाळणी सर्वांत खालच्या पातळीवर आणा, म्हणजे खोलीचा श्वास ऐकू येत राहील. आणि चौकटीत एक पेटती मेणबत्ती ठेवा. ज्योत हलताना दिसली की संपर्क चालू आहे हे न सांगता कळतं. स्थिर चित्र मात्र अडकल्यासारखं वाटतं. मौन संपवण्याची खूण दर आठवड्याला तीच असू द्या, एक छोटी घंटा किंवा ठरलेलं एक वाक्य. पहिल्या रविवारी चाळीस सेकंद पुरेत. झावळ्यांच्या रविवारापर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारापर्यंत, तीन मिनिटांवर जाता येतं. पहिल्याच दिवशी तीन मिनिटं ठेवलीत तर निम्मी घरं चहा ठेवायला उठतील.

कोविडच्या टाळेबंदीत, २७ मार्च २०२० रोजी, पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनच्या सेंट पीटर चौकात, भर पावसात, समोर एकही माणूस नसताना प्रार्थना चालवली. ते प्रसारण आठवणाऱ्यांना त्यातला निःशब्द भागही आठवतो. शब्द थांबले, तरी लोक पाहत राहिले. मौन पडद्यावर टिकतं, फक्त ते अपघाताने पडल्यासारखं वाटता कामा नये.

आता गाण्याबद्दल. सगळ्यांनी माइक चालू ठेवून एकत्र गाणं कॉलवर जमत नाही. कितीही सराव केला तरी नाही. दोन गायकांमध्ये साधारण ३० मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडलं की ताल सुटू लागतो. खुल्या जागेत आवाजाला दहा मीटर जायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच हा वेळ आहे. कॉलवर हा उशीर अनेकदा १५० मिलिसेकंदांच्या पुढे जातो. चालवणाऱ्याला मंडळी मागे पडल्यासारखी ऐकू येते, तो थांबून घेतो, मंडळी आणखी रेंगाळते आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत गीत रखडायला लागतं. त्यामुळे एकाच घरातून गीत चालवा, बाकी सर्वांचे माइक बंद ठेवून घरोघरी मोकळ्या गळ्याने गायला सांगा. पेटी असो की ऑर्गन, लांबलेला स्वर ॲपला पंख्याच्या आवाजासारखा वाटतो आणि तो मधूनच गिळला जातो. झूममध्ये ‘ओरिजिनल साऊंड’ चालू केलं की हे थांबतं. गीताच्या घरातला कुणी इअरफोन लावून बसला तर प्रतिध्वनीही येणार नाही.

प्रतिसादांचं दुखणं थोडं वेगळं आहे. ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ म्हटल्यावर सगळे माइक उघडे असतील तर येतो नुसता कल्लोळ, कारण ॲप एक आवाज पुढे करून बाकीचे दाबतं. सगळे बंद असतील तर पाळक भिंतीशी बोलतात. दर रविवारी एक कुटुंब प्रतिसादासाठी नेमा आणि फक्त त्यांचा माइक उघडा ठेवा. प्रभूची प्रार्थनाही त्याच घराने चालवावी. मुलांचा आवाज त्यात असेल तर फारच छान.

दाविदाचं पश्चात्तापाचं स्तोत्र ५१ मात्र वाटून वाचा. १९ वचनं चार घरांत वाटली की मंडळी एकत्र आहे हे कानांना जाणवतं. प्रत्येक वाचकाला आदल्या दिवशी वचनांचे आकडे लेखी पाठवा. आपली पाळी येण्याच्या दोन वचनं आधी माइक उघडायचा, हा नियम घालून द्या. नाहीतर दर बदलाला ‘ऐकू येतंय का?’ आलंच, आणि तो विलाप तिथेच तुटतो.

राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख घरोघरी पोचवायची असेल तर जुन्या झावळ्यांची बारीक चाळलेली, कोरडी राख चिमूटभर पुडीत द्या. लाकडाची राख वापरू नका आणि राखेत पाणी घालू नका. ओल्या राखेचा क्षार कपाळाची कातडी भाजू शकतो. लावायला चिकटपणा हवा असेल तर खाद्यतेलाचा एक थेंब पुरतो. घरातल्या थोरल्याने लहानाला आणि मग लहानाने थोरल्याला लावावी. एकट्या राहणाऱ्यांना स्वतःच्या हाताने लावावी लागते. तेव्हा पाळकांनी राख लावतानाचं वाक्य सावकाश म्हणावं, त्यांच्या हाताला वेळ द्यावा.

प्रभुभोजनाबद्दल आपापल्या चर्चचा नियम पाळा. कॅथलिक विधीत पडद्यावरून ख्रिस्तशरीर स्वीकारता येत नाही, तिथे आध्यात्मिक सहभागितेची, म्हणजे ख्रिस्ताला मनाने स्वीकारण्याची, प्रार्थना म्हणतात. काही प्रोटेस्टंट मंडळ्या घरोघरी भाकर आणि द्राक्षरस तयार ठेवतात, काही मंदिरात भेटेपर्यंत थांबतात. ती वाट पाहणंही एक उपवासच आहे असं आम्हाला वाटतं.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना साध्या फोनवरून जोडता येतं, मीटिंगच्या योजनेत ती सोय आहे का ते आधी पाहा. झूमच्या फोन-जोडणीत *६ दाबून माइक उघडतो-मिटतो आणि *९ दाबून हात वर होतो. हे त्यांना फोन करून, दोनदा, सावकाश सांगा. आणि उपासनेत ‘पडद्यावर दिसतंय तसं’ म्हणायचं टाळा, कारण त्यांना पडदाच नाही. गीताचे शब्द त्यांच्या हाती कागदावर हवेत.

पवित्र आठवड्यात दिवे एकेक करून विझवण्याची उपासना असते, आणि तिथे कॅमेरा घात करतो. अंधार वाढला की तो आपोआप चित्र उजळवतो. शेवटच्या मेणबत्तीला खोली राखाडी, दाणेदार आणि पहिल्यापेक्षा उजेडाची दिसते. फोनच्या पडद्यावर ज्योतीवर बोट दाबून धरा, उजेड आणि फोकस दोन्ही कुलूपबंद होतात. हा उपाय सुरुवातीलाच, सगळ्या मेणबत्त्या पेटलेल्या असताना करायचा. जांभळं वस्त्र पडद्यावर निळं दिसत असेल तर रंगाची आपोआप जुळवणीही बंद करा.

उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) बारा ते तीनची उपासना झूमच्या मोफत खात्यावर ठेवू नका. गटाच्या मीटिंगला ४० मिनिटांची मर्यादा असते आणि वधस्तंभावरच्या सात वचनांपैकी दुसऱ्याच वचनाला उपासना तुटते.

त्याच्या आदल्या रात्री, गुरुवारी, वेदीवरची वस्त्रं काढतात आणि अनेक ठिकाणी लोक न बोलता निघून जातात. इथे मीटिंगच्या यजमानाने ‘सर्वांसाठी समाप्त’ दाबू नये. सुरुवातीलाच सांगून ठेवा की आज निरोप नाही, ज्याने त्याने आपल्या वेळेला बाहेर पडावं. कॅमेरा उघड्या वेदीवर तसाच रोखलेला ठेवा. चौकटी एकेक करून मिटत जातात, आणि शेवटचं घर जाईपर्यंत यजमानाने तिथे थांबायचं.