साडेतीन सूतचा पाना

चाळीसगावला धुळे रोडवर माझं गॅरेज आहे. मागच्या मे महिन्यात पारोळ्याकडचे एक आप्पा त्यांची १९७० ची ॲम्बेसेडर मार्क टू घेऊन आले, नातवाचं लग्न संभाजीनगरला आणि वरात हिच्यातच काढायची म्हणे. ब्रेक कसा लागतो विचारलं तर म्हणाले, "लागस रे भो, पन दोन-तीन डाव दाबनं पडस." पेडल दोन-तीनदा दाबावं लागतं, म्हणजे ब्रेकच्या लाईनमधे हवा किंवा ऑइल गळतंय, आणि रस्त्यात कन्नड घाट!

गाडी वर घेतली तर मागच्या डाव्या चाकाला, व्हील सिलिंडरमधे (ऑइलच्या दाबाने चाकाचा ब्रेक दाबणारा भाग) जाणाऱ्या पाईपचा नट ओला. पोरगा बारा-तेरा मिमीचा फिक्स पाना घेऊन आत घुसलाच होता, त्याला थांबवलं. ॲम्बेसेडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, जुन्या गाडीत सगळा इंचाचा हिशोब. त्या नटाला ७/१६ इंची लागतो, म्हणजे साडेतीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), ११.११ मिमी. बाराचा लावला की जवळजवळ एक मिमीची ढिलाई, जोर दिला की नटाचे कोपरे गेलेच. अकराचा कधी ठोकून बसतो कधी बसतच नाही. आणि आकार बरोबर असला तरी फिक्स पाना दोनच बाजू धरतो, ब्रेकच्या पाईपचा नट मऊ असतो, म्हणून तिथे तोंड कापलेला रिंग पानाच पाहिजे, तो पाईपवरून आत सरकतो आणि नटाच्या पाच बाजू पकडतो.

पण या नटावर आधीच कोणीतरी पकड चालवलेली होती, दोन कोपरे गोल आणि पकडीचे दात स्पष्ट उमटलेले. मला अशा कामाचा खरंच राग येतो, कारण भोगतो तो गाडी चालवणारा. गंज सोडवणारं ऑइल मारून तासभर ठेवलं, नट थोडा हलला पण त्याच्यासोबत पाईपच पिळायला लागला. मग ओढाताण नको, पाईप नटाजवळ कापला, वरून सहा कोनी सॉकेट ठोकून बसवलं आणि नट बाहेर काढला. नवा ३/१६ इंची स्टीलचा पाईप, दोन्ही टोकांना जुन्यासारखीच फ्लेअर, म्हणजे पसरवलेलं तोंड. होजकडचं (रबरी नळीकडचं) टोक सोडताना होजचा षटकोन दुसऱ्या पान्याने धरून ठेवला, नाहीतर होज आतून पिळला जातो आणि बाहेरून काहीच कळत नाही.

नवा नट हाताने जाईल तितका फिरवला, पाना शेवटी. मग लांबच्या चाकापासून सुरू करून हवा काढली, पोरगा पेडलवर, मी हवा सोडायच्या निपलवर, बुडबुडे बंद होईपर्यंत. ब्रेक ऑइल सांडलं की रंग खातं म्हणून मडगार्डवर आधीच ओलं फडकं.

ट्रायलला आप्पा शेजारी बसले, पेडल पहिल्याच दाबाला वर आणि कडक लागलं. जाताना चढ आहे, पण येताना पूर्ण घाट दुसऱ्या गिअरमधे उतरा, हे दोनदा बजावलं आणि कोपरे गेलेला नट त्यांच्या हातात दिला, म्हटलं पुढच्या वेळी कोणी ब्रेकला पकड लावली तर हा दाखवा.