ओरिजिनल की लोकल? आधी बघा बनवलाय कुणी

गाडीचं काम निघालं की आमच्या ग्रुपवर ठरलेला वाद सुरू होतो. अर्धे म्हणतात शोरूमचाच पार्ट टाक बे, बाकी सगळा कचरा असतो, आणि उरलेले म्हणतात शोरूमवाले कापतात, तोच माल बाहेर निम्म्यात मिळतो. दोन्हीकडचे थोडे थोडे बरोबर आहेत, आणि हे दरवेळी टाईप करायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच इथं लिहून ठेवतो.

खरं तर सोलापूरच्या माणसाला हे समजवायची गरजच पडायला नको. आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आहे, १९९२ पासूनची कंपनी, तिथले कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मारुती, ह्युंदाई, फोर्ड, जनरल मोटर्स यांच्या इंजिनात बसलेत. चादर आणि टॉवेलच्या गावात इंजिनाचा इतका नाजूक पार्ट बनतो आणि गाडी कंपनीच्या डब्यात गेला की तोच ‘कंपनीचा ओरिजिनल’ होतो. गाडी बनवणारी कंपनी बरेचसे पार्ट बाहेरूनच घेते. शॉकअप गॅब्रिएलचे, ब्रेकचं सामान ब्रेक्स इंडियाचं, क्लच वॅलिओ नाहीतर लुकचा, स्पार्क प्लग एनजीके किंवा बॉशचे, असं गाडीगणिक बदलत जातं.

त्यामुळे काउंटरवर जे मिळतं ते दोन नाही, तीन जातीचं असतं. गाडी कंपनीच्या डब्यातलं, मग त्याच बनवणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यातलं, आणि तिसरं म्हणजे ज्याच्यावर नाव असतं पण ते नाव कुणी कधी ऐकलेलं नसतं. वाद घालणारे पहिल्याची तुलना थेट तिसऱ्याशी करतात आणि मधल्याचं नावच काढत नाहीत, आणि माझे पैसे तर बहुतेक वेळा मधल्यावरच जातात. ब्रेक पॅड, शॉकअप, क्लच प्लेट, बेअरिंग, प्लग, फिल्टर, सगळं. फक्त एक लक्षात ठेवा, नाव तेच असलं तरी गाडी कंपनीला दिलेला माल आणि बाजारातला माल शंभर टक्के एकच असेल असं नाही, पॅडचं मटेरियल वगैरे वेगळं असू शकतं. तरीसुद्धा नाव असलेला माणूस स्वतःचं नाव घालवायला बसलेला नसतो.

आता कुठं हात आखडायचा आणि कुठं नाही. मी एवढंच बघतो की हा पार्ट गेला तर पुढं काय होणार. तुळजापूरचा घाट उतरताना चार माणसं, डिकीत सामान, पुढं उसाची ट्रॉली, अशा वेळी ब्रेक तापतात आणि हलक्या पॅडची पकड तापल्यावर कमी होते, पेडल दाबतोय पण गाडी पाहिजे तशी थांबत नाही. तिथं शे-पाचशे वाचवून काय करणार? ब्रेक ऑइलचं पण तेच, ते हवेतला ओलावा ओढतं आणि ओलावा शिरला की उकळायचा पॉइंट खाली येतो. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा ग्रेड, कोरं डॉट ३ साधारण २०५ डिग्रीला उकळतं, डॉट ४ २३० ला, पण जुनं झालं की दोन्ही घसरतात, म्हणून बाटली सीलबंद आणि टोपणावर लिहिलेलं तेच डॉट घ्या.

टायमिंग बेल्टला, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जुळवणाऱ्या पट्ट्याला, तर मी घासाघीस पण करत नाही. माझ्या डिझेल स्विफ्टमध्ये चेन आहे त्यामुळे माझी सुटका, पण मेव्हण्याकडं जुनी सँट्रो आहे तिच्यात बेल्ट, आणि अशा इंजिनात चालू गाडीत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, मग इंजिनाचं हेड खोला. बेल्टबरोबर टेन्शनर, म्हणजे तो ताणून धरणारी पुली, पण बदलायचा, मेस्त्री म्हणाला ‘अजून चालतंय की’ तरी. एअरबॅग, सेन्सर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) हे गाडी कंपनीचंच.

ऑइल फिल्टर दिसायला सगळे सारखेच, पण आत कागद किती घड्यांचा आहे आणि गाडी बंद केल्यावर ऑइल धरून ठेवणारा व्हॉल्व्ह नीट आहे का, हे बाहेरून कळत नाही. तो व्हॉल्व्ह रद्दी असला की सकाळी स्टार्ट करताना इंजिन क्षणभर कोरडं फिरतं. फिल्टर मुळात स्वस्तच, त्यात अजून स्वस्त शोधायचं म्हणजे कमालच.

आणि आपल्याकडचं ऊन! एप्रिल-मे मध्ये पारा कित्येकदा ४२-४३ ला टेकतो, त्यात बिननावाचं रबर लवकर कडक होऊन चिरतं. लोअर आर्मचे बुश, रेडिएटरचे होज, इंजिन माउंटिंग, हे लोकल टाकलं तर पुन्हा मजुरी द्यायची तयारी ठेवा, कारण पार्ट स्वस्त मिळतो पण मेस्त्रीची मजुरी दोन्ही वेळेला तेवढीच.

उलट आरशाचं कव्हर, मडफ्लॅप, बंपरची जाळी, फूटमॅट, एसीचा केबिन फिल्टर, इथं बिनधास्त लोकल घ्या. बंपर मात्र आधी बसवून बघा, गॅप येतो.

डुप्लिकेटचं काय, असं कुणीतरी विचारणारच. हो, नावाजलेल्या डब्यांची नक्कल होते आणि होलोग्रामची पण होते. मी पार्ट नंबर जुन्या पार्टशी जुळवतो, डब्यावर एमआरपी आणि बॅचची छपाई बघतो आणि जीएसटीचं बिल मागतो. बिल म्हटल्यावर दुकानदाराचा चेहरा बदलला की मी पुढच्या दुकानात. सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या पार्टवर १८ टक्के जीएसटी झालाय, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता, त्यामुळे जुने भाव डोक्यात ठेवून भांडू नका, दुकानदाराला पण भांडू देऊ नका.

‘बाहेर काम केलं की वॉरंटी जाते’ ही भीती पण जरा तपासून बघा. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ गाडी कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोकला होता, कारण पार्ट खुल्या बाजारात मिळू देत नव्हत्या, आणि नुसतं बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून वॉरंटी रद्द करू नका असंही सांगितलं. पुढं कोर्टबाजी झाली ते वेगळं. आता बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला तर कंपनी अंगावर घेणार नाही, ते बरोबरच आहे. माझं साधं गणित, वॉरंटी चालू आहे तोवर शोरूम, संपली की माझा मेस्त्री.

एक राहिलंच, इन्शुरन्समधून काम असेल तर हा हिशोब बदलतो. झिरो डेप (पार्टचा घसारा न कापणारं कव्हर) नसेल तर रबर, प्लास्टिक, बॅटरी यांचे निम्मे पैसे आपल्या खिशातून जातात आणि बंपर म्हणजे प्लास्टिकच, म्हणून गाडी आत सोडायच्या आधीच इन्शुरन्सच्या सर्व्हेअरला विचारून घ्या कुठला पार्ट धरणार आहेत ते. आणि स्वतःच्या पैशानं काम केलं असेल तर जुना पार्ट परत मागा, बहुतेक देतात.