अजून किती खेळायचं?

सोमवार, १९ फेब्रुवारी २०२४, सांगली

अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये आज चेक आइस हॉकीपटू यारोमीर यागरची ६८ नंबरची जर्सी छताला चढली. तिथल्या पेंग्विन्स संघात आता हा नंबर पुन्हा कुणाला मिळणार नाही. तिकडची रविवारची संध्याकाळ म्हणजे आपली आजची पहाट. भाचा तिथे नोकरीला आहे. त्यानं मुद्दाम तिकीट काढलं होतं आणि "आत्या, ऊठ, तुझा माणूस आलाय" म्हणत मला व्हिडिओ कॉल लावला. मी जागीच होते. गडावरून शिवज्योत घेऊन आलेली पोरं घोषणा देत रस्त्यानं पळत होती.

सामन्याआधीच्या सरावात यागर पेंग्विन्सच्या पोरांबरोबर बर्फावर उतरला होता. चार दिवसांपूर्वी, १५ तारखेला, त्यानं ५२ पूर्ण केली. नंबर निवृत्त झाला, पण माणूस निवृत्त झालेला नाही; तिकडे चेक देशात, स्वतःच्या गावच्या क्लाद्नो संघाकडून तो अजून खेळतोच आहे. दिवसभर हीच एक गोष्ट डोक्यात घोळते आहे, म्हणून लिहायला बसले.

आइस हॉकी मला भाच्यानं दाखवली आणि कळली ती खो-खोमुळे. गोलरक्षक धरून सहा जण बर्फावर असतात. त्यातले पुढचे तिघं एकत्र उतरतात, पाऊण मिनिट, फार तर एक मिनिट जीव तोडून खेळतात आणि खेळ चालू असतानाच कठडा ओलांडून बाकावर येतात. तेवढ्यात पुढचे तिघं आत गेलेले असतात. ते बघून मी म्हटलं होतं, अरे, ही तर आपली तुकडी! संरक्षणाला आपणही तिघीच उतरतो. आपल्याकडे बाद झाल्याशिवाय बाहेर येता येत नाही, एवढाच काय तो फरक. तिघींपैकी एक लवकर गेली तर बाकीच्या दोघींचा दम किती पटकन संपतो, हे ज्यानं खांबाला वळसे घातलेत त्यालाच ठाऊक.

यागर उजव्या बाजूचा. त्याचे जुने सामने मी पुनःपुन्हा पाहते ते त्याच्या कमरेखालच्या खेळासाठी. कोपऱ्यात कठड्याजवळ पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, मिळाला की तो समोरच्याला पाठ द्यायचा, बूड खाली घ्यायचा आणि काठी लांब करून पक पुढे ठेवायचा. मागून एक जण लोंबकळतोय, दुसरा काठी घालतोय, तरी हा हलत नसे. सगळं बळ मांड्यांत. लहानपणीच त्यानं बैठका सुरू केल्या होत्या, पुढे रोज हजार काढायचा. हजार बैठका म्हणजे काय, हे सांगलीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गल्लीगल्लीत तालीम आहे. पण त्या पोराला ना वस्ताद, ना लाल माती. क्लाद्नोजवळचं शेतकरी घर. आजोबांची जमीन कम्युनिस्ट सरकारनं काढून घेतलेली, आजोबांना तुरुंगात घातलेलं. १९६८ साली ते वारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले. जगानं ज्याला शैलीदार, लांब केसांचा, हसरा खेळाडू म्हणून डोक्यावर घेतलं, त्याच्या पाठीवर सगळी वर्षं हे साल होतं.

१९९० मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पेंग्विन्सनी त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं. तो १८ वर्षांचा होता. त्याच्या आधीच्या बहुतेक चेक खेळाडूंना अमेरिकेत खेळायचं तर देशातून पळून जावं लागे. घरच्यांना मागे टाकायचं आणि परत यायचं नाव काढायचं नाही. नोव्हेंबर १९८९ मध्ये तिथली राजवट कोसळली आणि हा पोरगा उघडपणे निवडीला जाऊन बसला. पण गेल्या गेल्या भाषा येईना, घराची आठवण सुटेना. तेव्हा संघानं डिसेंबरमध्ये यिर्झी हर्दिना या वडीलधाऱ्या चेक खेळाडूला दुसऱ्या संघाकडून घेतलं. पोराशी त्याच्या भाषेत बोलायला कुणीतरी हवं, हे त्यामागचं मोठं कारण. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला माझा नमस्कार. आमच्या खो-खो संघातल्या जत-आटपाडीकडच्या पोरी सांगलीत खोली घेऊन राहतात, पहिले दोन महिने रोज रडतात आणि दिवाळीला घरी गेल्या की परत येत नाहीत. त्यांच्यातली एखादी तरी गावाकडची मोठी मुलगी संघात असली तर चित्र बदलतं, हे मी पाहिलंय. त्या मोसमाच्या शेवटी, १९ व्या वर्षी, यागरच्या हातात स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएल या तिकडच्या मोठ्या लीगचं विजेतेपद, होता. पुढच्या वर्षी पुन्हा.

मग वैभवाची वर्षं. एनएचएलमध्ये गोल आणि गोलला दिलेली साथ मिळून गुण मोजतात. मोसमात सर्वाधिक गुण मिळवणारा तो पाच वेळा ठरला. १९९८ ला नागानोत ऑलिंपिक सुवर्ण. एकूण १७३३ सामने, ७६६ गोल, १९२१ गुण. त्याच्या पुढे फक्त वेन ग्रेट्झ्की, २८५७ वर. आकड्यांवर मी याहून जास्त थांबत नाही, कारण मला ओढ आहे ती उताराची.

२००१ मध्ये पिट्सबर्गनं त्याला वॉशिंग्टनला देऊन टाकलं. मग न्यूयॉर्क, मग २००८ ला थेट सायबेरियात, ओम्स्कला. तीन वर्षं तिथे. सगळ्यांना वाटलं, संपलं. २०११ मध्ये तो परत आला, आणि फिलाडेल्फिया, डॅलस, बोस्टन, न्यू जर्सी, फ्लोरिडा, कॅल्गरी असा गावोगाव खेळत राहिला. एक-एक वर्षाचे करार. ज्याच्यासाठी कधी संघ बांधले गेले, तो आता ज्याला गरज असेल त्याच्याकडे जात होता. सामना संपल्यावर रात्री उशिरा, बाकीचे घरी गेल्यावर, अंगात वजनाचं जाकीट घालून एकटा बर्फावर फिरायचा. फ्लोरिडात २०१५-१६ च्या मोसमात त्यानं ६६ गुण केले, संघात सर्वांत जास्त. त्याच मोसमात त्याला ४४ वं पूर्ण झालं. दोन वर्षांनी कॅल्गरीत मात्र पाय साथ देईनात. २२ सामन्यांत एक गोल. जानेवारी २०१८ मध्ये त्याला क्लाद्नोला पाठवलं.

"मानानं थांबायला हवं होतं" असं अशा वेळी म्हणायची आपली पद्धत. मला ते वाक्य कधीच पटलेलं नाही. मान कशात आहे, हे बघणाऱ्यानं का ठरवायचं? क्लाद्नो तेव्हा दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये होता. संघाची मालकीही यागरकडेच. तो मैदानात उतरला तर प्रेक्षक येतात, प्रायोजक टिकतात, खालच्या पोरांचे पगार होतात. २०१९ मध्ये वरच्या लीगमध्ये जाण्याच्या निर्णायक सामन्यात क्लाद्नोनं चार गोल केले आणि चारही ४७ वर्षांच्या यागरचे. हे कुठल्याही कपाएवढंच मोठं आहे. मी तर म्हणेन त्याहून मोठं, कारण यात त्याला मिळवायचं काही उरलं नव्हतं. खेळायचं होतं आणि गाव राखायचं होतं.

पहाटे भाच्यानं कॅमेरा छताकडे फिरवला. पेंग्विन्सनी आजवर निवृत्त केलेले नंबर तीनच. ६६, २१ आणि आता ६८.

६६ मारिओ लेम्यूचा. ऐन बहरात, १९९३ च्या जानेवारीत, त्याला हॉजकिन्सचा कर्करोग निघाला. रेडिएशनचा शेवटचा डोस घेऊन त्याच संध्याकाळी तो सामन्याला उभा राहिला. १९९७ ला थांबला. संघ दिवाळखोरीत निघाला तेव्हा पगाराची प्रचंड थकबाकी त्याची संघाकडे होती. १९९९ मध्ये तो स्वतःच मालक झाला. २७ डिसेंबर २००० ला त्याची वर चढवलेली जर्सी खाली उतरवली गेली आणि मालक खेळायला उतरला. पहिल्या ३३ सेकंदांत त्याच्या साथीनं गोल झाला, तो करणारा यागर.

आणि २१. मिशेल ब्रिएर. हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं आणि दुपारी बसून वाचून काढलं. १९६९-७० चा एकच मोसम खेळला. ७६ सामने, ४४ गुण. अंगानं किरकोळ, पण मोसमाअखेरच्या प्ले-ऑफ फेऱ्यांत जादा वेळेत गोल मारून त्यानं संघाला फेरी जिंकून दिली. मोसम संपवून क्विबेकला घरी गेला, लग्न तोंडावर आलं होतं. १५ मे १९७० ला गाडीचा अपघात. जवळजवळ वर्षभर बेशुद्धीत होता आणि एप्रिल १९७१ मध्ये गेला. वय २१. तेव्हापासून तो नंबर संघानं कुणाला घालू दिला नाही.

एकाला एकच मोसम मिळाला, दुसऱ्याचं तीस मोसम उलटले तरी संपेना. छताला दोघांच्या जर्सी शेजारी. पिट्सबर्गच्या लोकांनी त्या पोराला किती वर्षं खेळलास हे विचारलं नाही, हे मला फार आवडलं. ब्रिएरचं थांबणं त्याच्या हातात नव्हतं. मग ज्याच्या हातात आहे त्याला दुसऱ्यांनी का थांबवावं?

हे सगळं आजच इतकं लागलं, त्याला कारण आहे. आमच्या संघातल्या एका मुलीचा साखरपुडा झालाय. वय २३. खांबावर तिचा सूर पाहावा; उजवा हात खांबाला आणि अख्खं अंग हवेत आडवं, समोरची वळायच्या आत बाद. मुलांसाठी २०२२ पासून खो-खोची व्यावसायिक लीग आहे, मुलींसाठी अजून नाही. तिला पैसे मिळत नाहीत. खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून नोकरी मिळावी म्हणून ती परीक्षा देते आणि उरलेल्या वेळात खेळते. आता सासरकडून निरोप आलाय, लग्नानंतर मैदान नको.

माझं लग्न ठरलं तेव्हा मीही एवढीच होते. वाईट कुणी वागलं नाही. सासूबाई तर प्रेमळच होत्या. पण मुलीच्या खेळाचं पुढं काय, असा एक प्रश्न असतो, हेच तेव्हा दोन्ही घरांत कुणाला माहीत नव्हतं. शेवटच्या सामन्यात उतरताना तो शेवटचा आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुट्टी होती म्हणून संध्याकाळी तिच्या घरी गेले. वडील मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर असतात. भला माणूस. मुलीच्या पदकांना त्यांनी स्वतः लाकडी फळी ठोकून दिली आहे. चहा झाल्यावर म्हणाले, "मॅडम, राज्य झालं, नॅशनल झालं. आता अजून किती खेळायचं तिनं? बास की."

मी म्हटलं, "दादा, आज एका माणसाचा सत्कार बघितला. बावन्न वर्षांचा. अजून खेळतोय."

कोपऱ्यात आजी लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली. "काय खेळतोय?"

मी बर्फाचं सांगितलं, काठीचं सांगितलं, हजार बैठकांचं सांगितलं. बैठकांवर त्यांनी "हां" म्हटलं. त्यांचे मालक पैलवान होते. मग विचारलं, "आन त्याला घरातलं कुणी बास म्हणालं न्हाई व्हय?"

"पुष्कळ जण म्हणाले, आजी."

"मग?"

"त्यानं ऐकलं नाही."

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पोरीकडे बघितलं आणि पुन्हा लसूण हातात घेतला. पोरगी दाराशी उभी होती, तिचं तोंड मला दिसत नव्हतं. वडील म्हणाले, तो परदेशातला माणूस, त्याचं निराळं. मी म्हटलं, निराळं आहेच. त्याचं पुढं चालू राहावं म्हणून त्याच्या संघानं दुसरा माणूस आणून बसवला होता. आपल्याला तेवढं नको. व्याह्यांशी एकदा बोला, मी बरोबर येते. आठवड्यातून चार संध्याकाळ आणि स्पर्धेचे दिवस, एवढंच मागायचं. नाही म्हणाले तर पुढचं पुढं.

बराच वेळ ते फळीकडे बघत राहिले. मग विचारलं, राज्य स्पर्धेच्या तारखा कधी लागतात. लग्न मे महिन्यात धरलंय, मुहूर्त अजून पक्का नाही. व्याही तासगावचे. रविवारी सकाळी दहाच्या एसटीनं जायचं ठरलं. मुलगी सोबत येते म्हणाली. वडील नको म्हणाले, तर आजी आतून बोलल्या, "तिचंच बोलणं हाय, तिला न्हे."