तिथीची पाऊणपट

आषाढ शुद्ध दशमी, हर्णे

तारखेऐवजी तिथी का लिहितेय ते पुढे कळेलच. लाइट नाहीये, पॉवर बँकवर मोबाइल आणि मोबाइलच्या उजेडात वही, बाहेर पाऊस असा काही धरून आहे की पत्र्यावर दुसरं काही ऐकूच येत नाही.

एकटीच सायकलने कोकण किनाऱ्याने दक्षिणेला चाललेय. सकाळी बागमांडल्याला फेरीबोटीत सायकल चढवली, सावित्री ओलांडून वेशवी, मग केळशी, आडे, आंजर्ले. ऐकायला छान सलग किनारा वाटतो ना. तर ज्यांना वाटतं की समुद्राच्या कडेचा रस्ता म्हणजे सपाट असणार त्यांनी एकदा कोकणात सायकल चालवून बघावी. इथं प्रत्येक खाडीला खाली उतरायचं, पलीकडे गेलं की पुन्हा चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर यायचं, सड्यावर दहा मिनिटं बरं वाटतं तोवर पुढचा उतार. दिवसभरात समुद्र दिसला असेल तासभर, बाकी सगळा वेळ चढ, भातखाचरं आणि जांभ्याच्या गडग्यांवर, म्हणजे दगडी कुंपणांवर वाढलेलं शेवाळ. आणि वारा! पावसाळ्यात वारा नैऋत्येचा आणि आपण चाललोय दक्षिणेला, म्हणजे सड्यावर आलं की तो थेट तोंडावर, उतारावरसुद्धा पेडल मारावं लागतं. सगळे मुंबईहून गोव्याकडे का जातात कोण जाणे, पावसात खरं तर गोव्याहून वर यायला हवं.

हर्णे बंदर एरवी लिलावाच्या आरडाओरड्याने गजबजलेलं असतं. आत्ता सगळ्या होड्या वर ओढून ताडपत्र्या घालून ठेवल्यात, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. सुवर्णदुर्गाला होडी जात नाही, तिकडे मागे जंजिराही बंदच होता. म्हणजे ज्यासाठी लोक किनाऱ्यावर येतात ते सगळं बंद आणि तरी मला ही जागा याच दिवसांत जास्त आवडते, कारण आत्ता इथं कोणी पाहुण्यांसाठी काही करत नाहीये, ज्याचं त्याचं काम चाललंय.

जिथं उतरलेय तिथल्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "एकट्याच?" दुसरा, "मिस्टर मागनं गाडीनं येतायत काय?" म्हटलं नाही हो, मिस्टर ठाण्याला डबे भरतायत. मग त्या हसल्या आणि सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी असं वाढलं की उठवेना. उद्या एकादशी, म्हणून आजच खाऊन घ्या म्हणाल्या.

आषाढी एकादशी, गुहागर

आज ब्रेकचे रबर संपले. लाल मातीचा तो जो बारीक चिखल असतो ना तो रिमला चिकटतो आणि प्रत्येक ब्रेकला पॉलिश पेपरसारखा रबर खात जातो. दाभोळच्या उतारावर आधी नुसतं पाणी पुसलं जातं, रिमची एक-दोन चक्करं काहीच होत नाही, मग करकर आवाज येतो आणि मग कुठे सायकल ऐकते. शेवटचा तुकडा सरळ उतरून हातात धरून चालत आले. जोडी बरोबर होती, जेट्टीवरच्या टपरीच्या आडोशाला बसून बदलली, तिथला एक पोरगा शेवटपर्यंत पाना धरून बसला होता.

फेरी थांबवलेली. वारा जास्त आहे, कमी झाला की सोडू. किती वेळ? "बघू." चिपळूणवरून वळसा मारायचा तर शंभर किलोमीटरच्या वर, तेव्हा मीही बघू म्हटलं. टपरीत एकादशीमुळे फक्त साबुदाण्याची खिचडी आणि चहा. समोर वाशिष्ठीचं पाणी एवढं गढूळ की नदी कुठं संपते आणि समुद्र कुठं सुरू होतो काही पत्ता लागत नाही.

तिथं एक म्हातारे आजोबा बसले होते, आयुष्य होडीवर गेलेलं. मी मोबाइलवर भरतीचं ॲप उघडायला बघत होते, रेंज नाही, गोल गोल फिरतंय. ते म्हणाले आज तिथी काय? एकादशी. मग अकराची पाऊणपट कर. सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठला भरती पूर्ण, सकाळीही आणि रात्रीही, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी पूर्ण. झालं! पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायला लागायचं. मी वहीत मांडून बघितलं, चंद्रामुळे भरती रोज पाऊण तासाच्या थोडी वर पुढे सरकते, म्हणजे हिशोब बसतोच की! अर्धापाऊण तास इकडेतिकडे होत असेल, पण फेरीच्या उतारावर पाणी कुठवर असेल एवढं कळायला पुरेसं आहे. कोकणातल्या जुन्या माणसांना हे सगळ्यांनाच ठाऊक असणार, मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही कारण मी कधी विचारलंच नसेल.

साडेतीनच्या सुमाराला फेरी सुटली. दोन टेम्पो, एक रिक्षा, बाइकवाले आणि मी. धोपाव्याचा चढ, अंधार पडता पडता गुहागर.

द्वादशी, गुहागर

रेड अलर्ट. कुठेही गेले नाही. सायकल पागोळीखालीच धुतली, चेनला तेल घातलं, झोपले.

दुपारी थोडी उघडीप होती तेव्हा मागच्या खाचरात लावणी चालली होती तिकडे गेले. इरली, म्हणजे पावसात डोक्यावर घ्यायची ती पानांची छपरं, आता कोणाकडे दिसत नाहीत, सगळ्यांच्या डोक्यावर निळं नाहीतर पिवळं प्लास्टिक. मी बांधावर उभी राहून बघत होते तर एकीने विचारलं, बघताय काय, या की. गेले. मूठभर रोपं घ्यायची, त्यातली तीन-चार सोडवून अंगठ्याने चिखलात रोवायची, आणि मागे मागे सरकायचं. माझी ओळ बघून सगळ्या हसत होत्या. अर्ध्या तासात कंबर गेली, सड्यावरचे सगळे चढ त्यापुढे काहीच नाहीत. या बायका सकाळी सातपासून संध्याकाळी अंधारेपर्यंत असतात आणि मला विचारतात, "एवढी सायकल कशी चालवता हो, दमत नाही?"

पायांना चिखल्या झाल्यात, बोटांच्या मधे. बूट केव्हाच पिशवीत गेले, सँडलवर चालवतेय, तरी झाल्याच. लावणीतल्या बायकांनी सांगितलं रात्री पाय कोरडे करून हळद आणि खोबरेल लाव. त्यांच्या स्वतःच्या पायांकडे बघून मग मी माझ्या पायांबद्दल काही बोलले नाही.

एकटीने का, हे आईने फोनवर आजही विचारलं. सोबत मिळाली नाही हे एक कारण आहेच, जुलैत कोकणात सायकल म्हटल्यावर ग्रुपमध्ये सगळे अंगठा देतात आणि गप्प होतात. पण खरं सांगायचं तर दोघं असतो तर आम्ही आपापसात बोललो असतो. त्या आजोबांनी पाऊणपट सांगितली नसती, खाचरात कोणी हाक मारली नसती. चौघांच्या ग्रुपला लोक हॉटेल दाखवतात, एकट्या बाईला घरात घेतात. यात थोडी काळजी असते, थोडी चौकशी, आणि भीती मलाही वाटतेच, संध्याकाळी सड्यावर मागून बाइक हळू झाली की पोटात गोळा येतो. म्हणून साडेपाचनंतर रस्त्यावर राहायचं नाही असं ठरवलंय. काल फेरीमुळे मोडलं ते.

त्रयोदशी, मालगुंड

तेराची पाऊणपट पावणेदहा! पहाटेच निघाले, पालशेत, पुढचे चढ, आणि साडेनऊला हेदवीच्या बामणघळीवर. कातळात एक अरुंद चीर आहे, समुद्राचं पाणी भरतीला त्यात घुसतं आणि पुढे जायला जागा नाही म्हणून सरळ वर उडतं. ओहोटीला गेलात तर नुसता दगड बघून परत याल, आणि लोक तसे परत येतातही आणि मग म्हणतात काही नव्हतं. आज पावसाळी समुद्र, वर भरती, एकेक लाट आत शिरली की आधी जमिनीतून धप्प असा आवाज पायाला कळतो आणि मग पाणी वर. मी बरीच लांब उभी होते, तिथला दगड शेवाळाने बुळबुळीत झालाय, कडेला जायचा प्रश्नच नाही. तरी चष्मा खारट. हिशोब बरोबर आला याचा आनंद पाण्यापेक्षा जास्त झाला मला.

तवसाळच्या फेरीला आज वाट बघावी लागली नाही. पलीकडे जयगड. फेरीवाल्याला विचारलं पूल झाला की काय करणार, म्हणाला होईल तेव्हा बघू, आमचे वडील पण हेच ऐकत होते. रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग मुख्यमंत्री अंतुलेंच्या काळापासून ऐकतोय आपण, बाणकोटच्या खाडीत तर अर्धवट पुलाचे खांब उभेच आहेत. पूल हवेत, पेशंटला घेऊन रात्रीचं जायचं असेल तर फेरी काय कामाची, हे मला कळतं. पण मी परवा दाभोळला जे काही तास बसले ते पुलावरून चार मिनिटांत गेले असते, हेही आहे.

मालगुंड म्हणजे केशवसुतांचं गाव, 1866 चा जन्म. स्मारक उद्या सकाळी बघीन म्हणत होते पण उद्या चतुर्दशी, चौदाची पाऊणपट साडेदहा, आणि आरे-वारेचा रस्ता समुद्राला अगदी खेटून जातो, तिथं भर भरतीला पोचायचंय. मधे गणपतीपुळे, पाया पडायला थांबणारच. म्हणजे साडेसातला निघायलाच हवं. इथल्या मावशींना सांगितलं तर त्या म्हणतात घावणे आठच्या आत होणार नाहीत, आणि खाल्ल्याशिवाय सोडणार नाहीत.