टोपी घालणारे क्रियापद

अप्पा बळवंत चौकातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात काही वर्षांपूर्वी मला एक जीर्ण फ्रेंच कादंबरी मिळाली. तिच्या आधीच्या मालकाने पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या आणि त्यातली एक खूण पुन्हा पुन्हा येत होती. जिथे जिथे 'फ्यू' या क्रियापदातल्या यू या अक्षरावर छोटी टोपी छापलेली होती, तिथे तिथे त्याने ती टोपी खोडून समासात प्रश्नचिन्ह काढले होते. त्याला दोष देता येत नाही, कारण त्याच पानावर चार ओळी वर तोच 'फ्यू' बोडका उभा होता आणि दोन्हींचा उच्चार तंतोतंत सारखा आहे. त्याला तो छपाईचा दोष वाटला असावा. मराठीत टोपी घालणे म्हणजे फसवणे, आणि या क्रियापदाने त्याला अक्षरशः तेच केले होते. साठाव्या पानानंतर मात्र त्याच्या खुणा थांबतात.

बोडका 'फ्यू' म्हणजे 'पासे सँप्ल', कथाकादंबरीतला साधा भूतकाळ : 'झाला', 'होता'. टोपीवाला 'फ्यू' म्हणजे 'सुब्जोंक्तीफ अँपार्फे'. इच्छा, भीती, शंका, आवश्यकता अशा भावांच्या छायेत येणाऱ्या क्रियापदाचे हे भूतकाळी रूप आहे. मी घरी फ्रेंचच्या शिकवण्या घेते आणि विद्यार्थ्यांना त्याचे नाव 'भूतकालीन विध्यर्थ' असे सांगते. संज्ञा काटेकोर नाही, पण कामापुरती चालते.

हा काळ अवघड असल्याची ख्याती आहे, ती मला अन्यायाची वाटते, कारण फ्रेंचच्या साऱ्या क्रियापदव्यवस्थेत इतका शिस्तीचा काळ दुसरा सापडणे कठीण. पासे सँप्लचे द्वितीयपुरुषी एकवचनी रूप घ्यावे आणि त्याला 'एस-ई' जोडावे, एवढाच नियम आहे. 'पार्ले' म्हणजे बोलणे. त्याचे 'त्यू पार्ला' हे रूप लिहिताना शेवटी एक मुका एस असतो, त्याला 'एस-ई' लागले की दोन एस एकत्र येतात आणि मुका एस बोलू लागतो : 'पार्लास'. 'आम्ही' आणि 'तुम्ही' यांसाठी 'पार्लासियों' आणि 'पार्लासिये'. केवळ तृतीयपुरुषी एकवचनात एस गळतात, स्वरावर टोपी येते, शेवटी मुका टी बसतो आणि उच्चार उरतो 'पार्ला'. 'एत्र' म्हणजे असणे याचे 'फ्यूस' आणि 'फ्यू', 'आव्वार' म्हणजे जवळ असणे याचे 'यूस' आणि 'यू', 'व्हनीर' म्हणजे येणे याचे 'व्हँस' आणि 'व्हँ'. एरवी विद्यार्थ्याला रडवणारी अनियमित क्रियापदेही इथे निमूट रांगेत उभी राहतात. द्वेष करणे या अर्थाच्या 'आईर' या क्रियापदाला तेवढी टोपी मिळत नाही, कारण त्याच्या आय या अक्षरावर आधीच दोन टिंबांनी जागा अडवलेली असते. 'फिनीर' म्हणजे संपवणे, याच्यासारख्या क्रियापदांत तर आणखी गंमत आहे : त्यांचा वर्तमानकालीन सुब्जोंक्तीफ आणि भूतकालीन सुब्जोंक्तीफ तृतीयपुरुषी एकवचन सोडले तर शब्दशः एकच आहेत, त्यामुळे 'फिनीस' म्हणणारा माणूस कोणता काळ वापरतो आहे हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. खरी अडचण आहे ती पासे सँप्ल पाठ असण्याची. तो काळ बोलीतून गेला आणि जाताना आपल्या पायावर उभ्या असलेल्या या काळालाही घेऊन गेला.

तो किती दूर गेला आहे, हे मला माझ्या पहिल्या नोकरीत कळले. गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठाच्या आवारात जाण्याऐवजी रोज फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन मी फ्रेंच शिकले होते, व्याकरणाचा मला अभिमान होता आणि एका कारखान्यात दुभाषी म्हणून मी नुकतीच लागले होते. येणाऱ्या फ्रेंच अभियंत्याला मी लिहिले की आपण नऊच्या आत पोहोचावे अशी आमची इच्छा होती, आणि त्या 'पोहोचावे' साठी मोठ्या डौलात 'आरिव्हासिये' हे रूप योजले. पाहुणे दुसऱ्या दिवशी वेळेवर आले, माझ्याकडे बघून हसले आणि न्यायला बग्गी का पाठवली नाही असे त्यांनी विचारले. व्याकरणाची चूक एकही नव्हती, आणि नेमके तेच हास्यास्पद होते. त्यात 'आस' हा ध्वनी फ्रेंच कानाला आधीच कमअस्सल वाटतो. 'पापिये' म्हणजे कागद आणि 'पापेरास' म्हणजे निरुपयोगी कागदांचा भारा. आपल्याकडे 'पोर'चे 'पोरटे' झाले की जे होते, तेच. त्यामुळे 'आसियों', 'आसिये' ही लांबलचक रूपे विनोदी लेखकांच्या हाती पडली, आणि एखाद्या रूपाला लोक हसू लागले की ते गंभीरपणे वापरणे कोणालाच शक्य राहत नाही.

आता हा काळ लागतो कुठे? जुना नियम असा की मुख्य वाक्य भूतकाळात किंवा संकेतार्थात असेल, तर त्याच्या पोटातल्या वाक्यातला सुब्जोंक्तीफही मागे सरकला पाहिजे. माझ्याच घरातले उदाहरण घेते. आठवीत विषय निवडताना मी संस्कृत घ्यावे अशी आईची इच्छा होती. 'मा मेर व्हूले क ज प्रीस ल सांस्क्री' हे जुन्या शिस्तीचे वाक्य झाले. आजचा फ्रेंच माणूस 'प्रीस' ऐवजी सरळ वर्तमानकालीन 'प्रेन' म्हणेल, मग आईची इच्छा आजची असो की चाळीस वर्षांपूर्वीची. घडून गेलेल्या गोष्टीविषयी बोलायचे असेल तर जुनी शिस्त 'यू' किंवा 'फ्यू' यांना सहायक म्हणून उभे करून आणखी एक पायरी मागे नेते. तीही पायरी आता बोलण्यात कोणी उतरत नाही.

इथे मराठी माणसाला एक फायदा आहे, आणि तो पाठ्यपुस्तके सांगत नाहीत, कारण ती आपल्यासाठी लिहिलेलीच नसतात. 'मी संस्कृत घ्यावे असे आईला वाटते', 'वाटत होते', 'वाटले असते' : वाटणे तीन वेळा बदलले, 'घ्यावे' जागचे हलले नाही. आपल्या विध्यर्थाला मुख्य क्रियापदाच्या काळाशी काही देणेघेणे नाही. म्हणजे शतकानुशतके काळाची जुळणी पाळून फ्रेंच आज जिथे येऊन पोहोचली आहे, तिथे मराठी आधीपासूनच बसलेली आहे. इंग्रजीच्या आधाराने फ्रेंच शिकणारी मुले 'काळ मागे न्यायचा का' म्हणून अडखळतात. त्यांना मी वाक्य आधी मराठीत म्हणायला लावते, आणि प्रश्न तिथेच संपतो.

फ्रान्सच्या शिक्षणखात्यानेही ही माघार टप्प्याटप्प्याने मान्य केली. 1901 च्या फेब्रुवारीत शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांच्या आदेशाने परीक्षेत काही गोष्टींना सूट दिली, त्यात मुख्य वाक्य संकेतार्थी असेल तर पोटवाक्यात वर्तमानकालीन सुब्जोंक्तीफ चालेल असे होते. मुख्य वाक्य भूतकाळात असतानाही तशीच मुभा मिळाली ती 1976 च्या आदेशाने. मधली पंचाहत्तर वर्षे लोक जे बोलत होते, त्याला मान्यता मिळायला इतका वेळ लागला, याचे पुण्यात राहणाऱ्याला आश्चर्य वाटू नये.

टोपी मात्र वाचली. ती मुळात एका हरवलेल्या एसची खूण आहे. लॅटिनमधल्या दूरच्या भूतकाळी रूपापासून हा काळ आला, त्याच्या तृतीयपुरुषी रूपात टीच्या आधी एस होता, उच्चारातून तो गेला आणि लेखनात त्याच्या जागी स्वरावर छप्पर आले. 1990 च्या लेखनसुधारणेने आय आणि यू या अक्षरांवरच्या बऱ्याच टोप्या उतरवल्या, पण क्रियापदांच्या या प्रत्ययांतल्या राखल्या, कारण त्या काढल्या तर दोन 'फ्यू' कागदावरही वेगळे ओळखता आले नसते. आपल्याकडच्या जुन्या छापील पुस्तकांत 'त्यानें यावें' असे अनुस्वार दिसतात. 'यावें'वरचे टिंबही नपुंसकलिंगी प्रत्ययात एकेकाळी ऐकू येणाऱ्या अनुनासिकाची खूणच होते. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले, ते योग्यच झाले असे मी मानते, कारण आपल्या त्या टिंबाशिवाय वाक्याचा अर्थ अडत नव्हता. तरीही आजोबांच्या कपाटातले एखादे पुस्तक उघडून 'यावें' दिसले की कानात जो वेगळा, थोडा करडा आवाज उमटतो, जवळपास तोच आवाज फ्रेंच वाचकाच्या कानात 'व्हँ' वाचताना उमटत असावा.

विद्यार्थ्यांना मी हा काळ ओळखायला शिकवते, लिहायला नाही. त्यातही तृतीयपुरुषी एकवचनावर भर देते, कारण पुस्तकांत भेटतात ती बहुतेक 'फ्यू', 'यू', 'व्हँ' हीच छोटी रूपे, आणि ती टिकली याचे कारण त्यांच्यात 'आस' नाही. जून कोरडा जाऊ लागला की एक वाक्य मात्र सगळ्यांकडून म्हणून घेते : 'प्ल्यूता द्य कील प्ल्यू'. 'प्लेर' म्हणजे रुचणे आणि 'प्लव्वार' म्हणजे पाऊस पडणे, दोघांचे या काळातले रूप एकच, 'प्ल्यू', टोपीसकट. देवाच्या मनात यावे आणि पाऊस पडावा, असा त्याचा अर्थ.

भाषांतरात मात्र हा काळ मला छळतो. मूळ लेखकाने 'व्हँ' लिहिले असो की आजचे 'व्ह्येन', मराठीत दोन्हींचे 'यावे' होते, आणि लेखकाने मुद्दाम घातलेला जरीकाठ वाटेतच गळून पडतो. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. पण जिथे हे रूप गोठून वाक्प्रचार झाले आहे, तिथे मराठीने मला अनपेक्षितपणे हात दिला. 'न फ्यूस कँनँस्तां' याचे शब्दकोशी भाषांतर 'केवळ एका क्षणापुरते जरी असले तरी' असे होते. आपण म्हणतो, 'क्षणभर का होईना'. 'फ्यूतील र्वा' यासाठी 'तो राजा जरी असला तरी' असे मी बरेच दिवस लिहीत होते. मग एके दिवशी मंडईत भाजीवालीच्या तोंडून ऐकले, 'गिऱ्हाईक कोणी का असेना, सुटे पैसे आणायचे.' 'असेना' हे रूपही या अर्थाने आता 'का'च्या मागे उभे राहण्यापुरतेच उरले आहे. वहीतले ते वाक्य मी त्याच संध्याकाळी खोडले आणि वर लिहिले : 'मग तो राजा का असेना.'